गडगा

वसईहून नाशिकपर्यंत बाबा माझ्या मांडीवर होते. मातीचं लहानसं गाडगं, तोंडाला पांढरं फडकं, त्यावर सुतळीचे वेढे. कसारा घाटात गाडी वळली की आत काहीतरी सरकायचं आणि मी दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवायची. दादा पुढच्या सीटवर होता. एकदाच मी विचारलं, "उघडून बघू का रे?" तो मागे न वळता म्हणाला, "नको. कशाला उगाच."

रामकुंडावर गुरुजी सांगत होते तसं तो करत गेला. फडकं सुटलं तेव्हा मी चार पायऱ्या वर उभी होते. पांढुरकं, करडं काहीतरी पाण्यात गेलं. तिथल्या त्या जागेला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. गोदावरीत तिथे हाडं विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. बाबांचं जे शेवटचं उरलं होतं ते मी सगळ्या वाटेवर मांडीवर घेऊन बसले, आणि ते कसं दिसतं हे मात्र मला कधी कळलंच नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात पॅरिसला भाचीकडे गेले तेव्हा तिने बनवलेल्या यादीत मी एक ठिकाण माझ्या हाताने लिहिलं: कॅटाकोम्ब, शहराच्या पोटातलं अस्थिगृह. भाची दादाची मुलगी, तिकडे शिकते. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, "आत्या, अगं तिथे नुसती हाडं आहेत." मी म्हटलं, "माहीत आहे मला."

दाँफेर-रोशरो नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरायचं. चौकाच्या मधोमध तांब्याचा मोठा सिंह बसलेला आहे. या चौकाला पूर्वी 'प्लास दाँफेर' म्हणत, म्हणजे नरकाचा चौक. १८७९ साली त्याला कर्नल दाँफेर-रोशरो या सेनापतीचं नाव दिलं. फ्रेंच कानाला जुनं 'दाँफेर' आणि नवं 'दाँफेर' एकच. नाव बदललं, उच्चार तोच राहिला. आपल्या पायाखाली काय आहे हे त्या चौकाला विसरायचं नसावं, असं मला वाटलं.

खाली जायला १३१ पायऱ्यांचा गोल जिना आहे. अरुंद, दगडी, एकाच दिशेने वळत जाणारा. भाची पुढे, मी मागे, भिंतीला हात. सत्तर-ऐंशीनंतर मोजणं सुटलं. खाली पोचलो तेव्हा आम्ही रस्त्याच्या २० मीटर खाली होतो आणि हवा एकदम गार झाली होती. तिथे बारा महिने १४ अंश तापमान असतं. वर उन्हाळा असो की बर्फ, खाली फरक नाही.

मला वाटलं होतं जिना संपला की हाडं दिसतील. तसं होत नाही. आधी बराच वेळ नुसते दगडी बोगदे लागतात. दोघांनी शेजारून चालणं कठीण, डोक्यावर ओलसर छत, पायाखाली पांढरट चिखल, आणि छतावर एक जाड काळी रेघ. वीज नव्हती त्या काळात हातात मेणबत्ती घेऊन येणारे लोक या रेघेखालून चालत, म्हणजे वाट चुकायची नाही. या रिकाम्या बोगद्यांचा पुष्कळांना कंटाळा येतो. आमच्या मागचा एक घोळका तर भराभरा पुढे निघून गेला. मला हाच भाग फार महत्त्वाचा वाटला. ही मुळात स्मशानभूमी नाहीच. ही दगडखाण आहे.

साडेचार कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी शिंपल्यांचा, गाळाचा थरावर थर बसून चुनखडीचा दगड तयार झाला. त्याच दगडातून नोत्र दाम उभं राहिलं, लूव्र उभं राहिलं, जुन्या पॅरिसच्या कितीतरी भिंती उभ्या राहिल्या. शतकानुशतकं खालून दगड काढायचा आणि वर शहर बांधायचं. वर जेवढं शहर, खाली तेवढी पोकळी. खाणी आधी शहराबाहेर होत्या. शहर वाढलं आणि त्यांच्या माथ्यावर जाऊन बसलं. खाली काय आहे हे लोक विसरले. मग १७ डिसेंबर १७७४ रोजी याच भागातला, नरकाच्याच नावाचा, एक रस्ता सुमारे ३०० मीटर लांबीपर्यंत खचून खाली गेला.

१७७७ साली राजाने खाणींची तपासणी करणारं खातं नेमलं आणि शार्ल-आक्सेल गियोमो या वास्तुशिल्पकाराकडे ते सोपवलं. त्याने पुढे जे केलं ते वाचताना माझा ऊर भरून आला होता. वरच्या प्रत्येक रस्त्याच्या बरोबर खाली त्याने बोगदा नेला, खांब बांधले, भिंती बांधल्या, आणि भिंतीवर वरच्या रस्त्याचं नाव कोरलं. शहराखाली शहराचा आरसा. प्रत्येक टेकूवर आकडा, आपल्या नावाचं आद्याक्षर आणि साल. बोगद्यात चालताना ते 'जी' अक्षर आणि शेजारी १७८० च्या आसपासची सालं मी स्वतः पाहिली. राजेशाहीचं कमळासारखं चिन्ह जिथे होतं तिथे नुसता खरवडलेला दगड. क्रांतीच्या वेळी कुणीतरी इथवर उतरून ते पुसून गेलं होतं. गियोमो १८०७ साली वारला. ज्या दफनभूमीत त्याला पुरलं तिथली हाडंही नंतर खाली आणली गेली. म्हणजे ज्याने हे छत तोलून धरलं तोही आता त्याच छताखाली असावा, बाकीच्यांत मिसळून.

वाटेत एका बाजूला दगडात कोरलेला किल्ला आहे. देक्यूर नावाच्या खाणकामगाराने तो कोरला. तो आधी सैन्यात होता. मिनोर्का बेटावरच्या पोर्ट-माओनच्या किल्ल्याजवळ तो कैदेत होता असं सांगतात. पुढे या खाणीत काम करताना फावल्या वेळात त्याने आठवणीतून तो किल्ला भिंतीत उतरवला. खिडक्या, बुरूज, पायऱ्या. पाच वर्षं लागली, १७७७ ते १७८२. मग लोकांना हे काम बघता यावं म्हणून तो जिना खोदायला लागला आणि छत अंगावर कोसळून गेला. मी तिथे खूप वेळ थांबले. या सगळ्या तळघरात हाताने काम करणाऱ्या माणसाचं काम, नावासकट, असं मला एवढंच भेटलं.

आता हाडं इथे कशी आली ते सांगते, कारण ते माहीत नसलं तर पुढचं सगळं नुसतं भयानक वाटतं.

पॅरिसच्या मध्यभागी, जिथे मोठा बाजार भरायचा, त्याला लागून सँ-ज़िनोसाँ नावाची दफनभूमी होती. शेकडो वर्षं कितीतरी वस्त्यांतली माणसं तिथेच येत राहिली. गरिबांना मोठ्या सामाईक खड्ड्यांत पुरत. खड्डा भरला की दुसरा उघडायचा. जुन्यातली हाडं काढून कडेच्या कमानींच्या वरच्या माळ्यावर रचायची. त्या कमानींच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये एक लांबलचक चित्र काढलं होतं: सांगाडे हात धरून राजाला, बिशपला, व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला नाचत घेऊन चाललेत. खाली चित्र, वर माळ्यावर खरी हाडं, आणि शेजारी भाजीबाजार. जमीन इतकी भरली की आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा उंच झाली. १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंत त्या भाराने फुटली आणि प्रेतं आत आली. त्याच वर्षी दफनभूमी बंद झाली. मग कुणीतरी दोन अडचणी एकमेकींसमोर ठेवल्या: वर जागा नाही, खाली पोकळी आहे.

डिसेंबर १७८५ मध्ये हाडं हलवायला सुरुवात झाली. ७ एप्रिल १७८६ रोजी धर्मगुरूंनी खालच्या जागेवर संस्कार केले. काम रात्री चालायचं. काळं कापड टाकलेल्या गाड्या, पुढे मशाली, बरोबर मृतांसाठीची प्रार्थना गाणारे पाद्री. गाड्या विहिरीसारख्या खोल तोंडाशी यायच्या आणि हाडं त्यातून खाली सोडली जायची. तो आवाज कसा असेल याचा विचार माझ्या मनातून गेला नाही. आधी सँ-ज़िनोसाँची, मग एकेक करून इतर दफनभूमींची, क्रांतीतही, क्रांतीनंतरही, एकोणिसाव्या शतकात शहर पाडून नवीन रस्ते काढले तेव्हाही. साठ लाखांवर माणसं असावीत असा अंदाज सांगतात. आज पॅरिस शहरात राहतात त्याच्या जवळजवळ तिप्पट.

हे वाचताना मी दचकले नव्हते, त्याचं कारण वसई. आमच्या शेजारच्या काकू कॅथलिक. त्यांच्या सासऱ्यांना पुरल्यावर काही वर्षांनी एकदा घरात पुन्हा गडबड दिसली. मी तेव्हा शाळेत होते. काकू म्हणाल्या, "आज सासऱ्यांना निशमध्ये ठेवायचंय." दफनभूमीत जागा कमी, म्हणून कबर उघडून हाडं काढायची, आणि भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवून पुढे नावाची फरशी लावायची. त्यालाच 'निश' म्हणतात. काकूंनी संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना चहा केला. रडल्या नाहीत. "दुसऱ्यांदा पोचवून आले," एवढंच म्हणाल्या. मेलेल्या माणसाला हलवावं लागतं, आणि ते नीट हलवता येतं, हे मी तेव्हाच पाहिलं होतं.

अस्थिगृहाच्या दारावर फ्रेंचमध्ये कोरलंय: थांब, इथे मृत्यूचं साम्राज्य आहे. त्या दारातून मी आत पाऊल टाकलं आणि दोन्ही बाजूंनी भिंती सुरू झाल्या.

पहिल्यांदा डोळ्यांना हाडं दिसलीच नाहीत. रचना दिसली. खाली-वर एकाला एक लावून ठेवलेली गोल टोकं, शेकडो, हजारो, तपकिरी, ओलसर. मग मधून जाणारी कवट्यांची ओळ. पुन्हा गोल टोकं. पुन्हा कवट्या. ती गोल टोकं म्हणजे मांड्यांची आणि नडग्यांची हाडं होती, आडवी, टोक बाहेर काढून. भिंतीची उंची माझ्या खांद्याएवढी. एके ठिकाणी वरून मागे पाहता आलं: मागे काहीच रचलेलं नव्हतं. फासळ्या, मणके, हातांची हाडं, फुटके तुकडे, सगळं नुसतं टाकलेलं, पार खडकापर्यंत.

आणि मी भाचीचा हात धरून म्हटलं, "अगं, हा तर गडगा!"

तिला कळलं नाही. ती वसईतच वाढली, गावी फारशी गेली नाही. आमच्या कुडाळकडच्या गावी वाडीभोवती गडगा असे. चुना नाही, माती नाही, नुसत्या दगडांवर दगड. बाबा दर मे महिन्यात रजा घेऊन जायचे आणि गेल्या पावसात ढासळलेला भाग पुन्हा रचायचे. मी दगड आणून द्यायची. ते शिकवायचे: चेहऱ्याला मोठा, चांगला दगड. त्याचं तोंड बाहेर. आत पोटात बारीकसारीक, चिपा, तुकडे, काही फेकायचं नाही. बाहेरचा दगड आतल्याला धरतो आणि आतला बाहेरच्याला. एकेक दगड हातात फिरवून, त्याची बसायची बाजू शोधून ते ठेवायचे. फेकायचे कधीच नाहीत.

खाली हाडं रचणारे लोक खाणकामगारच होते. खाणीत रिकामी झालेली जागा भरायची त्यांची पद्धत हीच: पुढे कोरडी भिंत, मागे भराव. हाडं रचायची वेळ आली तेव्हा त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. दगडाच्या जागी मांडीचं हाड आलं. विहिरीतून धाडधाड पडलेल्या त्या राशीतून कुणीतरी एकेक हाड उचललं, फिरवलं, टोक बाहेर केलं आणि बसवलं. साठ लाख माणसांची. इतक्या वेळा कुणाचा तरी हात पुढे झाला. मी फार वेळ फक्त याचाच विचार करत उभी राहिले.

१८१० पासून पुढे एरिकार द थ्युरी या अधिकाऱ्याने सगळ्याला आजचं रूप दिलं. कवट्यांचे पट्टे, क्रूस, दगडी वेद्या, जागोजागी मृत्यूवरची वचनं. एका गोल दालनात छताच्या आधाराचा खांबच कवट्या आणि नडग्यांनी मढवून पिंपासारखा केलाय. लोक त्याच्यापुढे फोटो काढत होते. मला ते आवडलं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. माणसाच्या कवटीची नक्षी करू नये. ज्या कामगाराने भिंत टिकावी म्हणून कवटी बसवली तो, आणि ज्या अधिकाऱ्याने डोळ्याला बरं दिसावं म्हणून ती कुठे बसवायची ते ठरवलं तो, या दोघांत मला फार मोठं अंतर वाटतं. पण त्याच अधिकाऱ्याच्या काळातली एक गोष्ट मला मनापासून पटली. पाट्या. प्रत्येक राशीशी दगडावर कोरलंय की ही हाडं कुठल्या दफनभूमीतली, कधी आणली. सँ-ज़िनोसाँ, एप्रिल १७८६. सँ-निकोला-दे-शाँ, १८०४. ऑगस्ट १७८८ मध्ये शहरातल्या चकमकींत मारल्या गेलेल्यांची वेगळी पाटी. त्यांना वर कुठे पुरलंच नाही, थेट इथे आणलं.

नाव एकाचंही नाही. कुणीतरी श्रीमंत, कुणीतरी भिकारी, कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी प्लेगात. परीकथा लिहिणारा शार्ल पेरो यांतच कुठेतरी असावा म्हणतात. पण कुठून आले आणि कधी, एवढं मात्र शहराने लिहून ठेवलं. श्राद्धाला गुरुजी नाव आणि गोत्र विचारतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं, म्हणजे कुणी बाहेर राहत नाही. आणि तर्पणात शेवटी एक ओंजळ अशांसाठी असते ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, पाणी द्यायला कुणीच उरलं नाही. बाबांच्या वेळी दादाने ती ओंजळ सोडली तेव्हा मला वाटलं होतं, हे कोण लोक असतील?

नादार नावाच्या प्रसिद्ध छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास इथे विजेच्या दिव्यांवर फोटो काढले. जमिनीखाली कृत्रिम उजेडात काढलेल्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी ती. घरी परतल्यावर मी ती शोधून पाहिली. एकात कामगार हाडांनी भरलेली गाडी ओढतोय. तो कामगार खरा नाही, पुतळा आहे. फोटोला कधी कधी १८ मिनिटं लागत, आणि जिवंत माणूस तेवढा वेळ निश्चल उभा राहू शकत नाही. म्हणून नादारने कपडे घातलेले पुतळे उभे केले. ज्यांनी खरोखर हे काम केलं त्यांचा चेहरा त्या फोटोंतही नाही.

भिंतीला हात लावायची मनाई आहे. मी लावला नाही. पण एका ठिकाणी वाट फार अरुंद होती आणि एक नडगी माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती. तिच्या टोकाची जाळी दिसत होती, मधाच्या पोळ्यासारखी, बारीक. कडा झिजलेली. रंग फिका, भाजलेल्या मातीसारखा. मला भीती वाटली नाही. किळस तर नाहीच. गाडग्यात जे सरकत होतं ते असंच काहीतरी असणार, असं मनात आलं, आणि त्या गार हवेत डोळ्यांतून पाणी आलं. भाची काही बोलली नाही. माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि शेजारी उभी राहिली.

वर यायला ११२ पायऱ्या. गुडघे दुखायला लागले होते. एकूण दीड किलोमीटरची वाट. आत गेलो त्या ठिकाणापासून बऱ्याच लांब, एका शांत, झाडांच्या रस्त्यावर बाहेर पडलो. ऊन होतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती. माझ्या चपलांना पांढरा चिखल लागला होता. भाची पाण्याची बाटली आणायला गेली आणि मी बाकावर बसून दादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"काय ग, सगळं ठीक ना?"

"ठीक. दादा, एक विचारू? बाबांच्या अस्थी तू वेचल्यास ना, तेव्हा कशा होत्या?"

तो गप्प झाला. मला वाटलं, रागावला. मग म्हणाला, "गार होत्या. तिसरा दिवस होता ना. आधी दूध आणि पाणी शिंपडलं. मग गुरुजी म्हणाले, अंगठा आणि अनामिका, एवढ्याच बोटांनी उचलायच्या. पायाकडून सुरुवात, डोकं शेवटी."

"आणि?"

"आणि एकेक करून हळू ठेवायची. आवाज होऊ द्यायचा नाही, असं म्हणाले."

"झाला का रे?"

"पहिलीचा झाला. गाडग्याच्या तळाला लागली. मी चटकन म्हटलं, बाबा, चुकलो." थोडा वेळ फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. "मग पुढच्या सगळ्या नीट ठेवल्या."